बायोडाटात तुमचं काम दिसू द्या

तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्स सेंटरवर जाऊन ‘बायोडाटा काढायचा आहे’ म्हटलं, की दुकानदार कॉम्प्युटरवर आधीच्याच कुणाचा तरी बायोडाटा उघडतो. नाव बदलतो, जन्मतारीख बदलतो, दहावी-बारावीचे मार्क बदलतो आणि प्रिंट हातात देतो. वरची ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ची इंग्रजी ओळ तशीच राहते. खालचं ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हेही तसंच. मधे वडिलांचं नाव, धर्म, जात, लग्न झालं की नाही, येणाऱ्या भाषा आणि छंद. छंदात वाचन आणि क्रिकेट. आपल्या विदर्भात वणीत काढा, पुसदला काढा, आर्वीत काढा की मूलला, कागद एकच निघतो.

हाच कागद पुढे बुटीबोरीच्या एमआयडीसीत, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत, गडचांदूर-घुग्घुसकडच्या सिमेंट प्लांटच्या गेटवर जमा होतो. तिथे निवड करणाऱ्याच्या टेबलावर अशा कागदांचा गठ्ठा असतो. सगळ्यांत बारावी, सगळ्यांत एमएस-सीआयटी, सगळ्यांत क्रिकेट. एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढायला त्याच्याकडे मार्क, आडनाव किंवा ओळख एवढंच उरतं. या तिन्ही गोष्टींत खेड्यातला पोरगा किंवा पोरगी बहुतेकदा मागे पडते.

गावाकडच्या तरुणांचे बायोडाटे वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते. ज्यानं सलग दोन हंगाम जिनिंगवर रात्रपाळी केली, त्याच्या कागदावर ‘अनुभव: फ्रेशर’ असं छापलेलं असतं. जिनं बचत गटाचं दप्तर वर्षानुवर्षं सांभाळलं, तिच्या कागदावर ‘गृहिणी’ एवढंच. काम केलेलं आहे, घाम गाळलेला आहे, पण कागदावर त्याचा मागमूस नाही. बायोडाटा उठून दिसावा म्हणून रंगीत चौकटी आणि जाड कागद शोधण्याआधी हे हरवलेलं काम परत कागदावर आणायला हवं.

वाचणारा काय शोधतो

बायोडाटा साधारण दोन माणसं वाचतात. पहिला एचआरचा किंवा ठेकेदाराच्या ऑफिसातला माणूस. त्याचं काम चाळण्याचं. शंभरातून दहा काढून पुढे पाठवायचे, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. दुसरा म्हणजे ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार तो: स्टोअरचा इन्चार्ज, प्रॉडक्शनचा सुपरवायझर, शाखेचा मॅनेजर. खरा निर्णय याचा असतो आणि त्याला कामाची खडानखडा माहिती असते.

पहिला माणूस किती वेळ देतो? अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीनं निवड करणाऱ्यांची नजर कागदावर कुठे आणि किती वेळ टिकते हे यंत्रानं मोजलं होतं. २०१२ साली पहिल्या नजरेचा वेळ सुमारे ६ सेकंद निघाला, २०१८ साली पुन्हा मोजला तेव्हा ७.४ सेकंद. त्या थोड्या वेळात नजर जास्त करून नाव, आत्ताचं काम, आधीचं काम, त्यांच्या तारखा आणि शिक्षण यांवर फिरली. बुटीबोरीतला माणूस घड्याळ लावून बसत नाही, पण गठ्ठा चाळताना त्याची नजरही अशीच पळते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम पानाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात आलं पाहिजे. आपल्याकडच्या साच्यात तिथे काय असतं? ‘आव्हानात्मक पद मिळवून कंपनीच्या प्रगतीत योगदान देण्याची इच्छा’. ही ओळ कुणालाच काही सांगत नाही. ती काढा आणि तिथे दोन ओळींत तुम्ही कोण, काय येतं, कुठलं काम हवं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘आयटीआय इलेक्ट्रिशियन. घरगुती आणि शेतीपंपाच्या वायरिंगचा दोन वर्षांचा अनुभव. मेंटेनन्स विभागात काम हवं आहे, तिन्ही पाळ्यांची तयारी.’ वाचणाऱ्याला पुढे वाचावं की नाही हे एवढ्यातच कळतं.

दुसरा वाचणारा वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं शोधत असतो. हा माणूस पहिल्या दिवसापासून कामाला लागेल की सहा महिने शिकवावं लागेल? वेळेवर येईल का? टिकेल का? बायोडाटातली प्रत्येक ओळ यांपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर देत नसेल, तर ती जागा अडवून बसली आहे असं समजा.

‘माह्याजवळ लिवाले काहीच नाही’

बायोडाटा नीट लिहू म्हटलं की बहुतेक पोरांचं पहिलं वाक्य हेच असतं. अशा एका पोराशी झालेलं बोलणं सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यातच आहे.

‘भाऊ, मी त काहीच नाही केलं. बीए झालो अन् घरी आहो.’

‘सोयाबीन निघाल्यावर काय करतोस?’

‘जिनिंगवर जातो ना. हिंगणघाटले.’

‘तिथे काय काम?’

‘काही नाही जी, गाड्या येते त्याचा कापूस पायतो. मीटर लावतो. मंग वहीत लिवतो.’

‘काही नाही’ म्हणून त्यानं जे सांगितलं त्याचा अर्थ बघा. कापसाची गाडी आली की ती काट्यावर चढते, वजन होतं, मग कापसातला ओलावा तपासला जातो. भारतीय कापूस महामंडळ हमीभावानं खरेदी करतं तेव्हा ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि १२ च्या वर गेला तर कापूस घेत नाहीत. म्हणजे मीटरवरचा आकडा नीट वाचणं आणि नीट लिहिणं यावर शेतकऱ्याचे पैसे आणि जिनिंगवाल्याचा नफा दोन्ही ठरतात. हे काम हा पोरगा दोन हंगाम करत होता. रुई आणि सरकी वेगळी झाल्यावर प्रेसमधून गाठी निघतात, एक गाठ साधारण १७० किलोची. त्या गाठींची वजनं आणि लॉट नंबर नोंदवायलाही रात्री त्यालाच बसवत.

आता हेच कागदावर आणू:

‘जिनिंग-प्रेसिंग कारखाना, हिंगणघाट. हंगामी सहायक, दोन हंगाम (नोव्हेंबर ते मार्च).
आलेल्या प्रत्येक गाडीतून कापसाचे नमुने काढून मीटरनं ओलावा मोजणे व ग्रेडरला कळवणे. हंगामाच्या भरात दिवसाला ३० ते ४० गाड्या.
काटापावती आणि आवक वही यांचा रोज मेळ घालणे.
रात्रपाळीत तयार गाठींचे वजन व लॉट नंबर नोंदवणे.’

यात एक अक्षर खोटं नाही. आता हा कागद एखाद्या गोदामाच्या किंवा स्टोअरच्या मॅनेजरपुढे ठेवा. त्याला मोजमाप करणारा, आवक नोंदवणारा, हिशेबाचा मेळ घालणारा आणि रात्रपाळीला न घाबरणारा माणूस दिसतो. त्याच पोराचा आधीचा कागद ‘बीए, फ्रेशर, छंद क्रिकेट’ एवढाच होता.

काम लिहिताना स्वतःला चार प्रश्न विचारत जा. नेमकं काय केलं? किती केलं? कशावर किंवा कशानं केलं? आणि त्यातून काय झालं? चौथ्याचं उत्तर प्रत्येक वेळी सापडेलच असं नाही, पण ‘किती’चं उत्तर जवळपास नेहमी असतं आणि लोक नेमकं तेच गाळतात. ‘कृषी केंद्रात काम केलं’ आणि ‘कृषी केंद्रात दोन खरीप हंगाम काम केलं, बियाणं आणि खताचा स्टॉक रजिस्टरला चढवला, पेरणीच्या दिवसांत रोज शंभरेक ग्राहकांची बिलं बनवली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं वाक्य वाचून दुकानाचा मालक आपोआप विचारतो, ‘बिलिंगचं सॉफ्टवेअर कोणतं होतं?’ इथे मुलाखत सुरू झाली आणि ती तुमच्या ओळखीच्या मैदानावर सुरू झाली.

आकडा अंदाजे असेल तर ‘सुमारे’ लिहा. पण फुगवू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो.

आपल्या भागात अशी किती कामं आहेत जी कुणी कागदावर आणत नाही! गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये तांदळातले खराब दाणे वेगळे करणाऱ्या सॉर्टेक्स मशीनवर उभं राहणं. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची छाटणी आणि प्रतवारी. ठिबकचे पाइप आणि फिल्टर बसवणं. गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या हंगामात संकलन केंद्रावर पुडे मोजून मजुरांच्या नावानं नोंद ठेवणं, ज्यात चूक झाली तर अख्खं गाव जाब विचारतं. ग्रामपंचायतीत ऑपरेटरच्या हाताखाली दाखले काढून देणं. लग्नसराईत साउंड आणि लायटिंगची जोडणी. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कंपनीतल्या कामाशी जोडता येते. गरज आहे ती कंपनी ज्या शब्दांत बोलते ते शब्द वापरण्याची. गाड्यांची नोंद म्हणजे त्यांच्याकडची इनवर्ड एन्ट्री. प्रतवारी म्हणजे क्वालिटी चेकिंग. जाहिरात नीट वाचा, तिच्यात जे शब्द आहेत आणि जे काम तुम्ही खरोखर केलं आहे, त्यासाठी तेच शब्द बायोडाटात आणा.

बायांच्या बाबतीत तर हे आणखी जास्त घडतं. बचत गटांसाठीच्या राज्याच्या उमेद अभियानात बँक सखी, कृषी सखी, पशुसखी म्हणून काम केलेल्या बाया आहेत. बँक सखी गावातल्या बायांची खाती उघडायला मदत करते, कर्जाचे प्रस्ताव बँकेत नेते, हप्ते वेळेवर जातात का बघते. पतसंस्था, मायक्रोफायनान्स कंपनी किंवा विमा कंपनीच्या तालुका ऑफिसला नेमका हाच अनुभव हवा असतो. पण बायोडाटात ‘सामाजिक कार्याची आवड’ एवढंच लिहिलेलं दिसतं. तुम्ही गटाच्या सचिव असाल तर लिहा: किती बायांचा गट, किती वर्षं, दरमहा किती बचत, किती वेळा बँकेचं कर्ज घेऊन पूर्ण फेडलं, दप्तर कोण लिहीत होतं. पंचसूत्री पाळणारा गट चालवणं म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब या पाच गोष्टी दर महिन्याला न चुकता करणं. माणसं सांभाळून हे करता येणं ही मोठी गोष्ट आहे, ती छंदाच्या रकान्यात घालू नका.

२०२४ साली राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्यांना महिन्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार असं विद्यावेतन ठरलं होतं. गावागावातली पोरं शाळेत, ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या कार्यालयांत कामाला लागली. त्यांतल्या अनेकांना तो अनुभव धरावा की नाही हेच कळत नाही. नक्की धरावा. कार्यालय, कालावधी, काय काम केलं हे लिहावं आणि प्रमाणपत्र सोबत ठेवावं. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप केली असेल तर ती शिक्षणाखाली एका ओळीत दाबू नका, अनुभवात घ्या, कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तुम्ही प्रत्यक्ष कारखान्यात काम केलं आहे. कोणत्या मशीनवर, कोणत्या विभागात, हे लिहिलं तरच त्याला किंमत येते.

काय काढून टाकायचं

सगळ्यात आधी जात आणि धर्माचा रकाना. खासगी नोकरीच्या बायोडाटात त्याचं काहीच काम नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा एक अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. थोरात हे मूळचे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत ठेवला. उच्चवर्णीय वाटणाऱ्या हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लीम नावाला सुमारे एक-तृतीयांश. शिक्षण तेच, कागद तसाच. हा अन्याय बायोडाटा लिहिणाऱ्याच्या हातात नाही आणि तो दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणंही चूक आहे. पण जो रकाना कुणी मागितलेला नाही तो आपण होऊन भरून देऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. आरक्षणाच्या जागांसाठी जातीचा दाखला लागतो तिथे तो वेगळा मागतात.

सरकारी भरतीचा विषय इथेच संपवतो. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, एमपीएससी, कुठेच बायोडाटा चालत नाही. तिथे ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो आणि परीक्षा असते.

आधार नंबर, पॅन नंबर, बँक खातं बायोडाटात कधीच लिहू नका. हा कागद किती हातांतून जातो आणि शेवटी कुठल्या रद्दीत पडतो ते कुणालाच माहीत नसतं. उंची, वजन, रक्तगट सिक्युरिटी गार्डच्या कामासाठी विचारले तर द्या, एरवी नको. वडिलांचा व्यवसाय नको. वैवाहिक स्थिती नको, विशेषतः मुलींनी तर नकोच. फोटो मागितला असेल तरच लावा आणि तो साधा पासपोर्ट साइजचा असू द्या.

छंद पूर्णपणे काढून टाका असं मी म्हणणार नाही. जिल्हा पातळीवर कबड्डी खेळला असाल, गावच्या गणेश मंडळाचा हिशेब सांभाळला असाल, तर लिहा, कारण त्यात काहीतरी केलेलं आहे.

मधली वर्षं

पदवी २०१९ ची आणि आज समोर कोणतीच नोकरी नाही, असा कागद पाहिला की मॅनेजर थबकतो. आपल्याकडे या रिकाम्या वर्षांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: भरतीची तयारी. नागपूर-अमरावतीच्या अभ्यासिकांत खोल्या करून, घरून येणाऱ्या पैशांवर, काही वेळा एखादी एकर विकून पोरांनी ही वर्षं काढली आहेत. निकाल लागला नाही म्हणून ती लपवण्याचं कारण नाही. एका ओळीत लिहा: ‘२०२० ते २०२३: स्पर्धा परीक्षांची तयारी.’ पूर्व परीक्षा पास केली असेल किंवा मैदानी चाचणी पार केली असेल तर तेही जोडा. आणि त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, घरची शेती पाहिली असेल, टायपिंगची ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा दिली असेल तर तेही लिहा, कारण मॅनेजरला मुख्य शंका असते की हा माणूस इतकी वर्षं हातपाय हलवत होता की नाही. त्याची दुसरी शंका असते की पुढच्या भरतीची जाहिरात निघाली की हा सोडून जाईल. तिचं उत्तर मुलाखतीत मनापासून द्यावं लागतं, कागदावर देता येत नाही.

लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण यांसाठी गेलेली वर्षंही एका साध्या ओळीत येऊ द्या: ‘२०१८ ते २०२२: कौटुंबिक जबाबदारी. या काळात एमएस-सीआयटी पूर्ण केलं.’ माफी मागितल्यासारखं लिहू नका.

शेतीचं मात्र थोडं थांबून सांगतो. बरेच जण शेती लिहायला लाजतात. दहा एकर कोरडवाहू तुरी-कपाशीचं नियोजन, मजुरांची मजुरी, खताचा खर्च, माल विकण्याची वेळ, पीकविम्याचा अर्ज, हे सगळं जो सांभाळतो तो कमी माणूस नाही. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर चालवता येत असेल, परवाना असेल, मोटार उघडून दुरुस्त करता येत असेल, तर वेअरहाउस, ट्रॅक्टरची एजन्सी, बियाणं कंपनीचा फील्ड असिस्टंट, ठिबकवाल्यांचा टेक्निशियन या सगळ्यांसाठी ते थेट कामाचं आहे. फक्त ‘शेती’ एवढं लिहून थांबू नका. पीक, क्षेत्र, यंत्र आणि तुमची जबाबदारी लिहा.

खोटं का टिकत नाही

पैसे देऊन अनुभवाचं प्रमाणपत्र आणून देणारे लोक तालुक्यात भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, प्रत्येक कामगाराला एकच यूएएन नंबर मिळतो. कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत पीएफ जमा झाला ते त्यावर दिसतं. बऱ्याच कंपन्या नोकरीवर घेताना हा नंबर मागतात. बायोडाटात दोन वर्षं आणि पीएफमध्ये काहीच नाही, तर प्रश्न येणारच.

पण इथे आपल्या पोरांची एक खरी अडचण असते. मोठ्या कारखान्यात काम केलेलं असतं, मात्र पगार ठेकेदाराच्या नावानं झालेला असतो. बायोडाटात कारखान्याचं नाव, पीएफवर ठेकेदाराचं, आणि समोरच्याला वाटतं गडबड आहे. म्हणून सरळ लिहा: ‘सिमेंट कारखाना, गडचांदूर, पॅकिंग विभाग (लेबर कॉन्ट्रॅक्टरमार्फत)’. त्यात काहीच कमीपणा नाही. आणि पीएफ कापलाच गेला नसेल, जसं हंगामी कामांत नेहमीच होतं, तर ज्याच्या हाताखाली काम केलं त्या मुनीमजीला किंवा सुपरवायझरला आधी विचारून त्याचं नाव मुलाखतीत सांगायला तयार ठेवा. ‘फोन करून विचारा’ असं म्हणू शकणाऱ्या उमेदवाराकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहतात.

कागद आणि फाइल

आता थोडं तांत्रिक. आपल्याकडच्या बऱ्याच झेरॉक्स सेंटरवर मराठी टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीत होतं. तो फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसेल तर तुमच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. बायोडाटा मराठीत असेल तर युनिकोडमध्ये करून घ्या आणि पीडीएफ बनवून घ्या. मोबाइलवर मराठी लिहिता येतं तेच युनिकोड, त्यामुळे मजकूर तुम्ही स्वतः फोनवर लिहून सेंटरवाल्याला पाठवू शकता. तो नुसता मांडून देईल.

बायोडाटा मराठीत असावा की इंग्रजीत? पतसंस्था, दुकान, डेअरी, कृषी केंद्र, शाळेची संस्था इथे स्वच्छ मराठी चालतं. एमआयडीसीतल्या कंपन्या आणि ऑनलाइन अर्ज यांना इंग्रजी लागतं. इंग्रजीत लिहायचं असेल तर छोटी, साधी वाक्यं लिहा, जी तुम्ही मुलाखतीत स्वतः बोलून दाखवू शकाल. उचललेली भारी वाक्यं पहिल्याच प्रश्नाला उघडी पडतात.

मोठ्या कंपन्या आणि नोकरीच्या वेबसाइटवर अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. ते मजकुरातले शब्द शोधतं. कागदाचा फोटो काढून पीडीएफ बनवली तर ती माणसाला दिसते, सॉफ्टवेअरला मात्र ते नुसतं चित्र वाटतं. दोन रकाने, चौकटी, आयकॉन यांतही त्याचा गोंधळ उडू शकतो. म्हणून एक रकाना, साधा फॉन्ट, एक पान, फार तर दोन. नावाचंही असंच: दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि बायोडाटात नाव एकसारखं असू द्या. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, काही ठिकाणी वडिलांचं नाव गायब, असं फार होतं आणि नोकरी लागतानाच ते अडतं. फाइलला ‘न्यू बायोडाटा फायनल २’ असं नाव न देता स्वतःचं नाव आणि पद द्या. ईमेल आयडी नावाचाच ठेवा. ‘किंग’, ‘प्रिन्स’वाला बंद करा.

मोबाइल नंबर दोन द्या. रिचार्ज संपून इनकमिंग बंद पडल्यामुळे बोलावणं हुकलेली पोरं मी पाहिली आहेत. दुसरा नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो फोन उचलेल आणि निरोप नीट सांगेल, आणि त्याला तसं सांगून ठेवा.

गावाहून येणाऱ्याबद्दलची शंका

ही शंका मॅनेजर सहसा उघड बोलत नाही, पण गावाचा पत्ता वाचून त्याच्या मनात येतेच. रोज कुठून येणार? शेवटची एसटी गेल्यावर सेकंड शिफ्टचं काय? मृग लागला की पेरणीला आणि दिवाळीनंतर वेचणीला गायब होणार का? त्याचे तसे अनुभव असतात आणि पोराच्याही घरी तशी गरज असते, दोन्ही खरं आहे. म्हणून घरी बसून आधी बोला, ठरवा आणि मग जे ठरलं तेच लिहा. ‘बुटीबोरीत खोली करून राहण्याची तयारी’ किंवा ‘स्वतःची दुचाकी आणि परवाना आहे, २२ किलोमीटर अंतर’ किंवा ‘रात्रपाळीची तयारी’. जी तयारी नाही ती लिहू नका. पेरणीसाठी आठ दिवस लागणारच असतील तर ते रुजू होण्याआधी बोलून घ्या. मधेच न सांगता गैरहजर राहण्यापेक्षा ते मॅनेजरला कितीतरी परवडतं.

एकच बायोडाटा सगळीकडे वाटू नका. मूळ फाइल ठेवा, आणि स्टोअरच्या जागेसाठी पाठवताना नोंदी-हिशेबाचं काम वर घ्या, मशीन ऑपरेटरच्या जागेसाठी मशीनचं काम वर घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर नुसती पीडीएफ टाकू नका, सोबत तीन ओळी लिहा: नाव, कुठल्या जागेसाठी, आणि त्या जागेला लागणारं तुमचं एक काम. ‘नमस्कार सर. स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये दोन हंगाम आवक नोंदणी आणि काटापावतीचा मेळ हे काम केलं आहे. बायोडाटा जोडला आहे.’ गेटवर प्रत्यक्ष द्यायला गेलात तर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये टाकून निघू नका. कोणत्या विभागात जागा आहे, कागद कुणाकडे जाईल, हे नम्रपणे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. आठ दिवसांनी त्याच नावानं विचारायला जाता येतं.

आणि बायोडाटा घेण्यासाठी, रजिस्ट्रेशनसाठी, ट्रेनिंग किटसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठून या, मग तो माणूस गावातल्या कुणाच्याही ओळखीचा असो. नोकरी देणारी चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. आधी पैसे पाठवा, मग जॉइनिंग लेटर येईल, असं फोनवर सांगितलं गेलं तर तो नंबर आणि पैशांची मागणी जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.